भाकरीचं गाणं

गेल्या महिन्यात भाच्याने मला कामाला लावलं. तो एक मोबाईल ॲप बनवतोय. आपण पदार्थ निवडायचा, ॲप त्याच्या जोडीला गाणं सुचवणार. वसईच्या पदार्थांची यादी माझ्याकडे.

कल्पना तशी जुनीच. इंग्लंडमधल्या 'द फॅट डक' या रेस्टॉरंटने २००७ मध्ये मासळीच्या एका पदार्थासोबत शंखात लपवलेला आयपॉड द्यायला सुरुवात केली. कानात लाटा, तोंडात मासळी! आम्हा वसईकरांना त्याचं काय कौतुक? समुद्र इथे फुकट आहे :)

असो. आगाशीचं भुजिंग लिहिलं. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, पोहे, बटाटा. शेजारी एक कोळीगीत लावून टाकलं. पुढे तांदळाची भाकरी, आणि तिथे अडलो. आईला विचारलं, "भाकरी खाताना तुम्ही बायका काय गायचात?"

"खाताना कोण गातं? गाणं दळताना व्हायचं."

खरंच की! पंगतीत श्लोक म्हणायचे ते पुरुष. बायकांचं गाणं त्याच्या कितीतरी आधी, पहाटे उरकलेलं असायचं. दोघी समोरासमोर बसून खुंटा धरायच्या, अधूनमधून वैरण घालायच्या आणि जात्याच्या फेऱ्यावर ओवी चालायची. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, सगळं त्यात. गिरणी आली, जातं थांबलं, ओवीही थांबली. गिरणीला दोष देत नाही, आईचे खांदे वाचले. पण त्या ओव्या कुणी लिहून ठेवल्या?

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी ठेवल्या. पुण्यात राहून, महाराष्ट्रातल्या गावागावांतल्या बायकांना सोबत घेऊन त्यांनी लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या, अनेक तर गाणारणीच्या आवाजासकट.

आमच्या आजीची मात्र एकही कुठे नोंदलेली नाही. ती गेली तेव्हा घरात टेपरेकॉर्डर होता, सुचलं नाही इतकंच. मग आईलाच मोबाईलसमोर बसवलं. एक ओवी पूर्ण झाली, दुसरी अर्ध्यात अडकली. रिकामा हात हवेत गोल फिरवत ती म्हणाली, "खुंटा हातात असता तर आठवली असती रे."

ती दीड ओवी आता भाकरीपुढे लावली आहे. भाच्याकडून त्यासाठी वेगळा रकाना करून घेतला : 'जेवणाआधी'.

मावशी, मामी, वाचताय ना? उरलेली अर्धी तुमच्यापैकी कुणाला येत असेल, तर लगेच फोन करा.