प्रादेशिक टर्बोप्रॉप वैमानिक

प्रादेशिक टर्बोप्रॉप वैमानिक हा लहान शहरांना मोठ्या विमानतळांशी जोडणाऱ्या, टर्बाइन इंजिनावर प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानांचा व्यावसायिक चालक होय. भारतात अशा सेवेसाठी १९८१ साली वायुदूत ही कंपनी स्थापन झाली. सध्या अलायन्स एअर व इंडिगो या कंपन्या एटीआर ७२ विमाने वापरतात.

कामाचे स्वरूप

जेट विमाने ढगांच्या बऱ्याच वरून जातात. एटीआरची कमाल उंची २५,००० फूट असल्याने त्याच्या वैमानिकाला पावसाळी ढग, हेलकावे आणि पंखांवर साचणारा बर्फ यांतून वाट काढावी लागते. पंखांच्या पुढील कडेवरील रबरी आवरणे फुगवून हा बर्फ तोडतात. टप्पे आखूड असल्यामुळे एका दिवसात अनेकदा उड्डाण व अवतरण करावे लागते. एटीआरमध्ये इंजिनाची शक्ती आपोआप कमी-अधिक करणारी यंत्रणा नसल्याने अवतरणाच्या वेळी वैमानिकाचा हात सतत दांड्यांवर असतो. शिमल्यासारख्या उंचावरील, आखूड धावपट्टीच्या विमानतळावर वजन मर्यादित ठेवण्यासाठी काही आसने रिकामी सोडावी लागतात.

जोखीम

या कामात लहानशी चूकही किती महाग पडते, हे पोखरा येथील अपघातातून दिसते. १५ जानेवारी २०२३ रोजी काठमांडूहून आलेले यती एअरलाइन्सचे एटीआर ७२ उतरण्याच्या बेतात असताना फ्लॅपच्या दांडीऐवजी शेजारच्या, प्रोपेलरची स्थिती ठरवणाऱ्या दोन्ही दांड्या ओढल्या गेल्या. पाती वाऱ्याला समांतर झाली आणि इंजिने चालू असूनही रेटा नाहीसा झाला. विमानातील सर्व ७२ जण मृत्युमुखी पडले. त्या वैमानिकांची त्या सकाळची त्याच मार्गावरील ही तिसरी फेरी होती.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ झालेल्या अपघातात ५० जण दगावले. वेग घटल्याचा इशारा मिळताच कॅप्टनने केलेली चुकीची कृती हे त्याचे मुख्य कारण ठरले. मात्र चौकशीत प्रादेशिक वैमानिकांचे तुटपुंजे वेतन, अपुरी झोप आणि कामावर रुजू होण्यासाठी रात्रभर करावा लागणारा प्रवासही चव्हाट्यावर आला. त्यानंतर तेथे सहवैमानिकासाठीही सामान्यतः १,५०० तासांच्या उड्डाणानुभवाची अट लागू झाली. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास पुरतात.

महिला वैमानिक

१९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सहवैमानिक निवेदिता भसीन यांच्यासह इंडियन एअरलाइन्सचे फोकर एफ-२७ हे टर्बोप्रॉप विमान कलकत्ता–सिलचर मार्गावर नेले. त्या उड्डाणातील सर्व कर्मचारी महिला होत्या.