मेमरीची गळती: मलिहाबादच्या कलमापासून मोहावीच्या वाळवंटापर्यंत

लखनौजवळच्या मलिहाबादमध्ये आंब्याचे एक प्रसिद्ध झाड आहे. हाजी कलीमुल्ला खान यांनी १९८७ पासून त्याच्यावर एकेक कलम बांधत नेले आणि आज त्या एकाच खोडावर तीनशेच्या आसपास जाती वाढतात. या कामासाठी त्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे झाड ओळखीचे वाटेल. संगणकावर चित्र रेखाटणारा बहुतेक प्रत्येक प्रोग्रॅम आपले चित्र अशाच झाडाच्या रूपाने सांभाळत असतो. दृश्य हे खोड, त्यातले घर ही फांदी, घराच्या खिडक्या या डहाळ्या आणि प्रत्येक खिडकीवरचा रंग हे पान. वापरणाऱ्याने घर पुसले, म्हणजे फांदी छाटली. तिच्यावरचे सारे काही तिच्यासोबत जावे, अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा का फसते, हे कलमांच्याच एका जुन्या रीतीवरून चांगले समजते. भेटकलमात रोप कुंडीसह मातृवृक्षाच्या फांदीशेजारी नेतात, दोघांवर काप घेऊन ते एकमेकांना बांधतात आणि दोन-तीन महिने थांबतात. सांधा जुळला की मातृवृक्षाकडची बाजू कापून रोप मोकळे करतात. हा शेवटचा काप राहून गेला, तर रोप विकले गेल्याची नोंद वहीत झाली तरी ते प्रत्यक्षात जागचे हलत नाही. झाड त्याला पोसतच राहते. संगणकातील ‘मेमरी लीक’ नावाच्या दोषाचे स्वरूप नेमके हेच आहे. काम संपलेले असते, पण एक धागा कापायचा राहिलेला असतो.

‘लीक’, म्हणजे गळती, हा शब्द खरे तर फसवा आहे. गळक्या पिंपातले पाणी वाहून जाते. येथे मेमरी जागच्या जागी असते, तिच्यातील एक अंकही नाहीसा होत नाही. धर्मशाळेतील प्रवासी निघून जावेत आणि किल्ल्या मात्र सोबत घेऊन जावेत, तसा हा प्रकार आहे. खोल्या रिकाम्या, पण नव्या प्रवाशाला द्यायला एकही नाही. अशा किल्ल्या रोज दोन-चार जात राहिल्या, तर धर्मशाळा कधी बंद पडेल हे खोल्यांच्या संख्येवर अवलंबून राहील. दोष मात्र पहिल्या दिवसापासूनच असेल.

संगणकाच्या आरंभकाळी हा दोष संभवतच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या या यंत्राची मेमरी फेराइटच्या कड्यांची होती. तिच्यात सुरुवातीला ४० बिटांचे १०२४ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबात अवघे पाच किलोबाइट. मोबाइलवर काढलेल्या एका साध्या छायाचित्रात असे शेकडो टिफ्रॅक मावतील. तरीही या यंत्राला कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता आणि त्यावर आलेख व अक्षरे उमटत. भारतातील संगणकीय आलेखनाच्या अगदी आरंभीच्या पाऊलखुणा कुलाब्यातील त्या पडद्यावर आहेत. १०२४ शब्दांपैकी कोणत्या शब्दात काय ठेवले आहे, याचा हिशेब प्रोग्रॅम लिहिणारा स्वतः कागदावर मांडत असे. जागा चालू कामाच्या मध्येच मागायची नसे, त्यामुळे ती परत करायला विसरण्याचाही प्रश्न नव्हता. टंचाईचे तेवढे एक सुख होते.

हा हिशेब मोडला तो चित्रांमुळे. समीकरण सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला किती जागा लागेल हे आधी सांगता येते. पडद्यावर बसलेला माणूस किती रेघा काढील आणि त्यांतल्या किती पुसील, हे कोणालाच सांगता येत नाही. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत टीएक्स-२ या यंत्रावर ‘स्केचपॅड’ उभा केला, तेव्हा प्रकाशलेखणीने काढलेला प्रत्येक बिंदू आणि प्रत्येक रेघ त्यांनी एकमेकींशी साखळ्यांनी जोडली. बिंदू हलला की रेघ हलते, रेघ पुसली की तिच्यावर आधारलेल्या अटीही पुसल्या जातात. चित्र हे परस्परांना धरून ठेवणाऱ्या वस्तूंचे जाळे झाले. त्याबरोबरच ‘पुसलेल्याची जागा परत कोण घेणार’ हा प्रश्नही जन्मला.

त्याची दोन उत्तरे त्यापूर्वीच, १९६० या एकाच वर्षी, प्रसिद्ध झाली होती. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी सुचवलेला उपाय असा: जागा संपत आली की थांबावे, खोडापासून निघून पोहोचता येईल त्या प्रत्येक वस्तूवर खूण करावी आणि खूण नसलेले सारे झाडून टाकावे. प्रयोगशाळेत या पद्धतीला ‘कचरा गोळा करणे’ म्हणत असत, पण छापील निबंधात तो शब्द घालण्याचे धैर्य झाले नाही, असे मॅकार्थी यांनी पुढे नोंदवले आहे. दुसरा उपाय जॉर्ज कॉलिन्स यांचा. प्रत्येक वस्तूला किती जणांनी धरले आहे याची मोजणी ठेवावी आणि मोजणी शून्यावर आली की ती वस्तू सोडून द्यावी. याची उणीव १९६३ मध्ये मॅकबेथ यांनी दाखवली. दोन वस्तूंनी एकमेकींनाच धरले असेल, तर जगाशी दोघींचा संबंध तुटला तरी कोणाचीच मोजणी शून्य होत नाही. खिडकीला आपले घर माहीत असते आणि घराला आपली खिडकी, त्यामुळे चित्रांच्या जगात अशी मिठी पावलोपावली पडते.

१९७० च्या दशकात आलेल्या सी भाषेने दोन्ही उपाय बाजूला ठेवले आणि जबाबदारी माणसावर टाकली. जागा मागणारी एक आज्ञा आणि परत करणारी दुसरी. जितक्या वेळा पहिली, तितक्या वेळा दुसरी. नियम सोपा होता आणि वेग मोठा मिळत होता. आलेखनाचे बहुतेक महत्त्वाचे प्रोग्रॅम याच भाषेत आणि तिच्या कन्येत, सी++ मध्ये, लिहिले गेले.

येथे निदानाची खरी अडचण सुरू होते. १९८४ पासून एमआयटीत घडत गेलेल्या ‘एक्स’ या खिडक्यांच्या यंत्रणेचे उदाहरण घ्यावे. तिच्यात पडद्याचा कारभार एक सर्व्हर पाहतो आणि चित्र काढू इच्छिणारे प्रोग्रॅम त्याच्याकडे मागणी करतात. प्रोग्रॅमने मागवलेली चित्रे सर्व्हरच्या मेमरीत राहतात. प्रोग्रॅम ती परत करायला विसरला, तर फुगतो तो सर्व्हर. तपासणाऱ्याला सर्व्हर लठ्ठ झालेला दिसतो, प्रोग्रॅम सडपातळ दिसतो आणि आळ निरपराधावर येतो. प्रोग्रॅम बंद केला की जोडणी तुटते, सर्व्हर त्याच्या नावावरचे सारे सोडून देतो आणि पुरावाही नाहीसा होतो. ‘बंद करून पुन्हा सुरू करा’ हा सल्ला लागू पडतो तो यामुळे, आणि दोष वर्षानुवर्षे टिकून राहतो तोही यामुळेच.

आलेखनात अग्रगण्य असलेली कंपनीही यातून सुटली नाही. १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’मधील डायनासोर सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर हलत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीचेच एक ज्येष्ठ अभियंता टॉम डेव्हिस यांनी सहकाऱ्यांसाठी एक कडवट टिपण लिहिले. नवी प्रणाली १६ मेगाबाइट मेमरीच्या ‘इंडी’ यंत्रावर वापरण्याजोगी उरलेली नाही, खिडक्यांच्या यंत्रणेचा आकार ३.२ वरून ७.८ मेगाबाइटवर गेला आहे आणि शिवाय तिला जागोजागी गळती आहे, अशी त्यांची तक्रार होती. टिपण कंपनीबाहेर पोहोचले आणि आजही ते वाचले जाते. गळती कोणा एकाच्या निष्काळजीपणाची नव्हती, हे त्यातून स्पष्ट दिसते. मुदतीच्या घाईत प्रत्येक गटाने आपापल्या भागात थोडी भर घातली होती आणि बेरीज कोणीच केली नव्हती.

गळतीची सर्वांत गंभीर नोंद मात्र चित्रांच्या नव्हे, तर रुग्णवाहिकांच्या जगातील आहे. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेची नवी संगणकीय यंत्रणा २६ ऑक्टोबर १९९२ रोजी पूर्णपणे लागू झाली आणि पहिल्या दोन दिवसांतच कोलमडली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे ती पूर्ण थांबली. त्या दुसऱ्या अपयशाचे कारण चौकशीत सापडले, ते असे: सुमारे तीन आठवड्यांपूर्वी बदल करताना प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा चुकून आत राहिला होता. दर वेळी वाहन रवाना झाले की तो सर्व्हरची किंचित मेमरी घेई आणि परत करीत नसे. तीन आठवडे यंत्रणा निरोगी दिसत होती. चाचणीत तीन तास चालवून हा दोष कधीच सापडला नसता.

कारण आणि परिणाम यांत असे अंतर असताना शोध घ्यायचा कसा? याच सुमारास रीड हेस्टिंग्ज आणि बॉब जॉइस यांनी ‘प्युरिफाय’ हे साधन तयार केले. (हे हेस्टिंग्ज म्हणजे पुढे नेटफ्लिक्स काढणारेच.) तयार प्रोग्रॅमच्या यंत्रभाषेत स्वतःचा पहारा घुसवायचा, प्रत्येक जागेची मागणी कोणत्या ओळीवरून झाली हे लिहून ठेवायचे आणि मग मॅकार्थींच्या पद्धतीने फेरी मारायची, पण झाडण्यासाठी नव्हे तर निव्वळ पंचनाम्यासाठी, अशी त्याची रीत. ज्या जागेकडे नेणारी एकही वाट उरलेली नाही, तिची मागणी कोणी केली होती हे साधन सांगू लागले. २००२ मध्ये ज्युलियन सीवर्ड यांच्या ‘व्हॅलग्राइंड’ने हीच सोय सर्वांना विनामूल्य दिली. ज्या शोधाला आठवडे लागत, तो दुपारभरात होऊ लागला.

जावा आणि सी शार्पसारख्या भाषांनी तर कचरा गोळा करण्याचे काम पुन्हा यंत्राकडे सोपवले. प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटले. तो मिटला नव्हता, हे २००५ मध्ये अमेरिकेतील मोहावीच्या वाळवंटात दिसले. चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची ही शर्यत संरक्षण संशोधन संस्था ‘डार्पा’ने भरवली होती. मार्ग १३२ मैलांचा होता आणि बक्षीस २० लाख डॉलर. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची ‘प्रॉस्पेक्ट इलेव्हन’ ही गाडी समोरचे अडथळे जोडकॅमेऱ्यांच्या चित्रांतून ओळखत असे. तिचा प्रोग्रॅम सी शार्पमध्ये होता.

शर्यतीपूर्वीच एक खोड लक्षात आली होती. चाळीसेक मिनिटे धावल्यावर संगणक मंदावत जाई आणि शेवटी गाडी ऐकेनाशी होई. विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅम कागदावर घेऊन ओळ न् ओळ वाचला. अडथळ्यांची यादी वाढत असेल का? तसे वाटत नव्हते, कारण मागे पडलेला अडथळा यादीतून काढणारी ओळ तर डोळ्यांसमोर होती. कारण सापडले नाही, तेव्हा तोडगा निघाला: चाळीस मिनिटांनी गाडी थांबवायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. चाचण्यांतील मोजमापावर आधारलेला हा तोडगा वरवर पाहता शहाणपणाचाच होता.

८ ऑक्टोबरला गाडी निघाली. वाळवंटातील रस्त्याच्या कडेला झुडपेच झुडपे होती. कॅमेऱ्यांना प्रत्येक झुडूप अडथळा दिसत होते आणि प्रत्येकाची नोंद होत होती. चाचणीच्या मैदानात इतके अडथळे कधी भेटलेच नव्हते. गळती मिनिटांवर नव्हे, अडथळ्यांच्या संख्येवर चालत होती. घड्याळात चाळीस मिनिटे भरण्यापूर्वीच, अठ्ठाविसाव्या मिनिटाला, संगणक गुदमरला. गाडी दहा मैलही पूर्ण करू शकली नव्हती. त्या दिवशी स्टॅनफर्डची ‘स्टॅन्ली’ जिंकली.

शर्यतीनंतर विद्यार्थ्यांनी मेमरीची झडती घेणारे एक साधन लावले आणि थोड्याच वेळात उत्तर हाती आले. अडथळा यादीतून खरोखरच काढला जात होता. परंतु जन्मतानाच त्याने ‘गाडी पुढे सरकली की मला कळवा’ अशी नोंदणी केलेली होती आणि ती रद्द करणारी ओळ लिहायची राहून गेली होती. निरोप पाठवणारा भाग त्याला अजून धरून होता. कचरा गोळा करणाऱ्या यंत्राने खोडापासून वाट शोधली, ती त्याला सापडली आणि त्याने अडथळ्याला हात लावला नाही. यंत्र चुकले नव्हते. एखादी वस्तू पोहोचण्याजोगी आहे की नाही, एवढेच त्याला तपासता येते. ती नकोशी झाली आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. वहीत रोप विकलेले होते, पण फांदीकडचा काप दिलेलाच नव्हता.

दुरुस्ती एका ओळीची होती. काही आठवड्यांनी संघ पुन्हा मोहावीत गेला आणि तीच गाडी, तेच कॅमेरे घेऊन शर्यतीचा तो मार्ग पूर्ण करून आला.