गायीच्या गाठीचे नाव

सिल्वासाच्या परिसरात दमणगंगेकाठच्या गोठ्यात एखाद्या गायीच्या खांद्यापुढची गाठ सुजली, तर पशुवैद्याने प्रथम गोचीडतापाचा संशय घ्यावा, हे स्वाभाविकच आहे. त्या तापावर वेळीच औषध मिळाले तर जनावर वाचते. परंतु तशीच सूज क्वचित लिंफोमाची, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाची असते. या दुसऱ्या सुजेची नीट वर्गवारी लावण्यास शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षे लागली.

१८७१ साली लायझेरिंग या जर्मन पशुवैद्याने एका गायीच्या वाढलेल्या प्लीहेत पिवळसर गाठी पाहून त्यांची नोंद केली. आपल्याकडे त्या काळी बुळकांडीने कळपच्या कळप ओस पडत. १८८९ साली पुण्यात निघालेली व पुढे मुक्तेश्वरला गेलेली सरकारी प्रयोगशाळा अशाच साथींसाठी होती. एकट्यादुकट्या गायीच्या अर्बुदाकडे पाहण्यास सवड कोणाला?

युरोपात मात्र एक गोष्ट ध्यानात आली. काही कळपांत हा रोग पुनःपुन्हा उद्भवे, काहींत कधीच नाही. डेन्मार्कच्या बेंडिक्सेन यांनी गायीच्या वयानुसार रक्तातील लसिकापेशींची मर्यादा सांगणारे कोष्टक रचले. त्या आकड्याच्या आधारे धडधाकट दिसणारी जनावरेही कत्तलखान्यात गेली. मालकांना ते कसे पटले असेल, हे त्यांनाच ठाऊक!

१९६९ साली अमेरिकेत जॅनिस मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांना रोगट गायींच्या लसिकापेशींत विषाणू दिसला आणि वर्गवारीला पाया मिळाला. प्रौढ गायींच्या हृदयात, गर्भाशयात, डोळ्यामागे गाठी उठवणारा साथीचा प्रकार या विषाणूचा ठरला. सहा महिन्यांच्या आतील वासरांच्या सर्वांगावरील गाठी, तरुण जनावरांच्या मानेच्या तळाशी येणारी थायमस ग्रंथीची सूज आणि कातडीवरच्या गाठी हे तुरळक प्रकार वेगळे निघाले. बेंडिक्सेन यांच्या आकड्याची मर्यादाही उघड झाली: विषाणू शिरलेल्या गायींपैकी सुमारे एकतृतीयांश गायींच्याच रक्तात लसिकापेशी टिकून वाढतात, आणि अर्बुद तर शंभरांत पाचांनाही होत नाही.

१९९२ साली वर्नाऊ, व्हॅली प्रभृतींनी माणसांच्या लिंफोमाची पद्धत उसनी घेऊन १,१९८ जनावरांच्या गाठी पेशींच्या घडणीवरून लावल्या. सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्यास ती वर्गवारी मोलाची. गोठ्याच्या मालकाला जुनी विभागणीच अधिक उपयोगी, कारण हा विषाणू मुख्यतः रक्तातून पसरतो. वासराच्या तुरळक गाठीने शेजारच्या जनावराला धोका नसतो. मोठ्या गायीच्या गाठीमागे विषाणू निघाला, तर त्याच सुईने टोचलेल्या, त्याच हत्याराने शिंगे कापलेल्या प्रत्येक जनावराचे रक्त तपासावे लागते.