दहा नाण्यांचा हिशेब

१९७० सालची रावेरची संध्याकाळ. तुम्ही स्टेशनाच्या फलाटावर उभे आहात. दिल्लीकडे जाणाऱ्या वाघिणींत केळीचे घड रचले जाताहेत आणि खाली सांडलेली वाळकी पानं तुमच्या चपलांना चिकटताहेत. खिशात पाच रुपयांची नोट आहे. बाहेर चहाच्या टपरीशी एक जण अगदी हळू आवाजात विचारतो, "भाऊ, आज काय लावू राह्यले?"

तुम्ही ओपनला सात सांगता. तो चिठ्ठीवर आकडा लिहितो, नोट घेतो, चिठ्ठी तुमच्या मुठीत सरकवतो. मुंबईत रात्री नऊला पत्त्यांची तीन पानं ओढली जातील आणि त्यांच्या बेरजेतला शेवटचा आकडा म्हणजे ओपन. दोन, सात, आठ निघाले तर बेरीज सतरा, म्हणजे तुमचा सात लागला. बाराला पुन्हा तीन पानं निघतील, तो क्लोज. फोनवरून आकडा गावोगाव पोचेल.

शेजारच्या बाकावर एक माणूस वही उघडून बसला आहे. गेल्या कित्येक दिवसांचे आकडे त्याने रकान्यांत ओळीने मांडले आहेत. सात बरेच दिवस फिरकलेला नाही, तेव्हा आज तो येणारच, असा त्याचा हिशेब आहे. वही नीटनेटकी आहे, मेहनत खरी आहे, आणि तिचा काडीचाही उपयोग नाही. काल कोणती पानं निघाली याचा आजच्या पानांशी काही संबंध नसतो, कारण दर वेळी सगळी पानं पुन्हा एकत्र करून पिसली जातात. दहा आकड्यांपैकी एक येणार आणि तो लागला तर रुपयाला नऊ मिळणार. लावलेल्या शंभरातले दहा रुपये सरासरीने आकडा निघायच्या आधीच गेलेले असतात. वही कितीही जाड झाली तरी हे दहा रुपये परत येत नाहीत.

आणखी दहा वर्षं मागे या. मुंबईच्या कापूस बाजारात टेलिप्रिंटरची कागदी पट्टी सरकतेय. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद भाव तिच्यावर उमटताहेत आणि लोक त्यांच्यावर पैसे लावताहेत. खानदेशातला शेतकरी वर्षभर ज्या कापसासाठी राबतो, त्याच्या परदेशातल्या भावावर इथे जुगार रंगला आहे. हे भाव यायचे थांबले, तेव्हा आकडे मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून काढले जाऊ लागले. १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीला मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रीने आपला वेगळा. पुढे मडकं जाऊन पत्ते आले, नाव मात्र मटकाच राहिलं.

आता दुसरा एक जुगार, डिसेंबर १९५८. तुम्ही लास वेगासमध्ये आहात. हिरव्या कापडाच्या अर्धगोल टेबलाशी तुमच्या शेजारी एक सव्वीस वर्षांचा गणिती बसला आहे, एडवर्ड थॉर्प. लॉस एंजलिसहून पत्नी व्हिव्हियनबरोबर नाताळच्या सुटीत तो इथे आला आहे. त्याच्या तळहातात मावेल एवढं एक कार्ड आहे. अमेरिकी सैन्यात असताना चार जणांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून ब्लॅकजॅक, म्हणजे एकवीसच्या वर न जाता वाटणाऱ्यावर मात करण्याचा पत्त्यांचा खेळ, खेळण्याची उत्तम रीत शोधली आणि १९५६ मध्ये संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापली. कार्डावर तीच उतरवलेली आहे. त्याच्यासमोर चांदीचे दहा डॉलर आहेत, तुमच्यासमोरही तेवढेच.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून एक गोष्ट तुमच्याकडे जास्तीची आहे: १९६३ मध्ये हार्वी डबनरने मांडलेली सोपी मोजणी. दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या प्रत्येक पानाला अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वीला शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्क्याला उणे एक. टेबलावर पानं उघडत जातात: पंजी, छक्की, तिर्री, राजा, चव्वी, सत्ती. मनात मोजा. एक, दोन, तीन, परत दोन, परत तीन, आणि सत्तीला तीनच. लहान पानं जास्त गेली, म्हणजे मोठी मागे उरली आहेत.

मोठी पानं उरल्याने तुमचा फायदा दोन ठिकाणी होतो. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचं पान आलं तर तुम्हाला दीडपट मिळतात, वाटणाऱ्याला मात्र नुसती तुमची रक्कम. शिवाय त्याला सतरापर्यंत पान ओढावंच लागतं. बारा ते सोळावर अडकलेला असताना मोठं पान आलं की तो एकवीसच्या वर जातो आणि हरतो. तुम्हाला थांबायची मुभा असते, त्याला ती नसते. मटक्यात नसलेली एक गोष्ट इथे आहे: गेलेलं पान परत पिसेपर्यंत जोडात येत नाही, म्हणून मागचं लक्षात ठेवणाऱ्याला पुढचं थोडंसं दिसतं. आपल्याकडे रमीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये हाच मुद्दा धरला होता. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, म्हणून रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं न्यायालयाने मानलं.

मोजणी वर गेली. तुम्ही एकाऐवजी दोन डॉलर लावता आणि हरता. पुन्हा वर जाते, पुन्हा लावता. एकदा जिंकता, दोनदा हरता. शेजारचा थॉर्प साडेआठ डॉलर हरून उठतो. थोड्या वेळाने तुमचीही नाणी संपतात. मोजणीत एकही चूक नव्हती, तरी हात रिकामे.

इथे थांबून हिशेब करा, कारण सगळा विषय या जागी आहे. समजा चांगल्या मोजणीने तुमची सरशी शंभराला एक एवढी आहे. एका डावातला चढउतार मात्र लावलेल्या रकमेच्या १.१५ पटीच्या जवळपास असतो. शंभर डाव खेळलात तर अपेक्षित कमाई एका डावाच्या रकमेएवढी, आणि सहज होणारा चढउतार अकरा-बारा डावांच्या रकमेएवढा, वर किंवा खाली. सरशी चढउताराच्या बरोबरीला यायला तेरा हजार डाव लागतात. तोपर्यंत टिकायला हवं. भांडवल दहाच डावांचं असेल आणि तुम्ही खेळतच राहिलात, तर शंभरातले सुमारे ८६ जण कफल्लक होतात. शंभर डावांचं असेल तर सुमारे २२. चारशे डावांचं असेल तर हजारांत दोन-तीन. खेळ तोच, मोजणी तीच, डोकं तेच. फरक फक्त एवढाच की एका डावाला भांडवलाचा केवढा तुकडा लावला.

आता १९६१ चा वसंत, नेवाडाच. मधल्या काळात थॉर्पने एमआयटीत आयबीएम ७०४ संगणकावर हा खेळ उलगडला आणि जानेवारीत त्यावरचा शोधनिबंध छापून आणला. तो निबंध राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे धाडणाऱ्या क्लॉड शॅननने त्याला जॉन केलीचं १९५६ चं सूत्र दाखवलं: जेवढी सरशी, त्या प्रमाणातच भांडवलाचा भाग लावायचा. न्यूयॉर्कचे दोन धनिक त्याच्यामागे एक लाख डॉलर उभे करायला तयार आहेत. तो दहा हजारच घेतो. त्याच्या टेबलाशी उभे राहून पाहा. सुरुवातीला तो एक ते दहा डॉलरच लावतोय. आपली मोजणी आणि मन दोन्ही खऱ्या पैशांसमोर टिकतात याची खात्री झाल्यावरच रक्कम वाढते. ही मंडळी अकरा हजार डॉलर जिंकून परततात. १९६२ मध्ये थॉर्पचं 'बीट द डीलर' हे पुस्तक निघतं आणि सगळी अमेरिका ते वाचते.

केलीचं सूत्र रावेरच्या केळीवाल्याला समजावून सांगावं लागणार नाही. मृग बाग आणि कांदे बाग अशी लागवड विभागणारा माणूस वैशाखातल्या एका वादळावर सगळा संसार टांगत नाही. बुडालं तरी पुढच्या हंगामात उभं राहता आलं पाहिजे, हे त्याच्या आजोबांनाही कळत होतं.

शेवटचा मुक्काम आजचा. पणजी, मांडवीवर नांगरलेलं जहाज. तुमच्या खिशात दहा हजार रुपये आहेत. टेबलाचा किमान डाव पाचशेचा धरा, म्हणजे तुमच्याकडे वीसच डाव आहेत. शंभराला एक सरशी मिळाली असती, तरी केलीच्या हिशेबाने दहा हजारांवर एका डावाला पंचाहत्तर रुपये लावता येतात. पाचशे लावायला सुमारे सहासष्ट हजार हवेत. त्यातून टेबलावर सतत पिसणारं यंत्र असेल तर वापरलेली पानं लगेच पुन्हा मिसळतात. मागचं लक्षात ठेवण्यासारखं काही उरत नाही आणि तुम्ही त्या वहीवाल्या माणसाच्या रांगेत जाऊन बसता. वीस डावांच्या भांडवलावर इथे बसू नका. मोजणी येत असेल तर ती हेच सांगेल.

मला हे तळमळीने सांगावंसं वाटतं, कारण मोबाइलवर पैशांचे खेळ खेळून बुडालेली बरीच मुलं हुशार होती. त्यांना पत्ते कळत होते, टक्केवारी कळत होती. २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून असे खेळ बंद केले, पण मोह कायद्याने बंद होत नाही. आपल्या दहावीच्या गणितात संभाव्यतेचा धडा आहे. बावन्न पानांतून राजा निघण्याची शक्यता किती, हे रावेरच्या शाळेतली मुलगीही चटकन सांगते. त्याच धड्यात आणखी एक उदाहरण असावं: खेळ ब्लॅकजॅकच्या त्या टेबलासारखा, शंभराला एक एवढा तुमच्या बाजूचा आहे, खिशात दहा रुपये आहेत, दर डावाला एक रुपया लावायचा आहे, तर बुडण्याची शक्यता किती? ८६ हे उत्तर जिने एकदा स्वतः काढलं, तिला पुढे कर्ज घेताना, शेअर घेताना, धंदा टाकताना पहिला प्रश्न आपोआप सुचेल: हरलो तर पुन्हा खेळायला किती उरेल?