भाऊ मिळवण्यासाठी शिस्त



बाजारकुणंगसारख्या लहान गावात मंडळीतले दोघे भांडले, तर ती गोष्ट लपत नाही. रविवारी ते एकाच चटईवर बसतात, पण नजरेला नजर देत नाहीत. अशा वेळी मंडळीने काय करावे? प्रभूने मत्तय 18:15-17 मध्ये पायऱ्या घालून दिल्या आहेत. आधी एकांतात त्याच्याशी बोलावे, मग एकदोन साक्षीदारांना घेऊन जावे, आणि शेवटी ते मंडळीपुढे मांडावे. ह्या साऱ्याचा हेतू पहिल्याच वचनात आहे: भाऊ मिळवणे. पेंटेकॉस्टल मंडळ्यांच्या आरंभीच्या इतिहासात ह्या हेतूची कठीण परीक्षा झाली, आणि त्या कथेचा एक धागा आपल्या केडगावातून निघतो.

29 जून 1905 रोजी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन सुरू झाले. मुली रडत, पापे कबूल करत आणि सगळ्या एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. पुढे काहीजणी अन्य भाषांतही बोलू लागल्या. बाहेरून आलेल्या काही मिशनऱ्यांना हा गोंधळ खटकला. उलट बाजूने, अन्य भाषा बोलणे हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण आहे, असा आग्रह धरणारेही होते.

रमाबाईंनी मधली वाट धरली. 1907 साली 'मुक्ती प्रेअर बेल' ह्या पत्रकात त्यांनी अन्य भाषांच्या दानाची बाजू घेतली. भारतीय ख्रिस्ती लोकांत पवित्र आत्म्याने आपल्या रीतीने काम का करू नये, असे त्यांनी विचारले. पण हेच दान एकमेव आणि आवश्यक चिन्ह आहे, हे त्यांनी मानले नाही. कुणाला गप्प केले नाही, कुणावर सक्तीही केली नाही.

मुक्तीतल्या मिनी अब्राम्स यांनी 1906 साली ह्या संजीवनावर एक पुस्तिका लिहिली. ती त्यांनी चिलीच्या व्हालपाराइसो शहरात आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. ही मैत्रीण म्हणजे मेथडिस्ट पाळक विलिस हूवर यांची पत्नी. 1909 साली तिथेही संजीवन आले. पण त्या मंडळीच्या पुढाऱ्यांनी वेगळी वाट धरली. सप्टेंबरमध्ये सान्तियागोच्या मेथडिस्ट मंडळ्यांत एका स्त्रीला बोलू दिले नाही आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. पौल 1 करिंथ 6 मध्ये ज्याची लाज बाळगायला सांगतो, तेच घडले. फेब्रुवारी 1910 मध्ये मेथडिस्ट परिषदेने हूवर यांच्या शिकवणीवर ठपका ठेवला. त्याच वर्षी ते बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ लोकही गेले.

इथे एक बाजू खरी आणि दुसरी खोटी, असे म्हणून थांबता येत नाही. कारण पुढे 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला हूवर यांचे स्वतःचे पेंटेकॉस्टल मंडळही फुटले, आणि म्हातारपणी त्यांना पुन्हा वेगळे व्हावे लागले. अमेरिकेतही 1914 साली स्थापन झालेल्या असेम्ब्लीज ऑफ गॉडने दोनच वर्षांनी, त्रैक्याच्या शिकवणीवरून, 585 पैकी 156 सेवक गमावले. तत्त्वासाठी कधी ठाम उभे राहावेच लागते. तरी प्रत्येक फुटीत कुणी ना कुणी भाऊ गमावला जातो.

म्हणून वडिलांच्या बैठकीत कुणाचे नाव निघण्याआधी आपण स्वतःला विचारू या: मी त्याच्याकडे एकट्याने गेलो होतो का? की त्याच्या पाठीमागे चारजणांशी आधी बोललो? शिस्त लागली तरी परतीचे दार उघडे आहे ना? करिंथच्या मंडळीने ज्याला शिक्षा केली, त्याला क्षमा करून धीर द्या, असे पौलाने 2 करिंथ 2 मध्ये सांगितले. शिस्तीची ही शेवटची पायरी आपण बहुधा विसरतो.

प्रभो, आज ज्याच्याशी मी बोलत नाही, त्याच्या दारापर्यंत जाण्याचे धैर्य मला दे. आमेन.