विजेच्या आज्ञेतील द्रव

द्रवाला स्वतःचा असा आकार नाही. ज्या पात्रात तो ओतावा त्या पात्राचा आकार तो घेतो. आणि त्याच्या रंगाविषयी आपल्याकडे जी जुनी म्हण आहे तीही हेच सांगते की, तो ज्याच्यात मिसळेल त्याच्यासारखा होतो. अशा या निराकार आणि लवचिक पदार्थाला शिस्त लावावी, विजेच्या एका इशाऱ्यासरशी त्याने प्रकाशाला वाट द्यावी किंवा अडवावी, आणि या आज्ञाधारकपणातून अक्षरे, आकडे व चित्रे उमटावीत, ही कल्पना प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. तरीही मनगटावरील घड्याळ, हिशेबाचे छोटे यंत्र, संगणक आणि दूरचित्रवाणी यांच्या पडद्यांमागे हीच कल्पना गेली पन्नास वर्षे काम करीत आली आहे. तिचा इतिहास मात्र दीडशे वर्षांचा आहे, आणि त्यातील काही महत्त्वाची पाने भारतात लिहिली गेली आहेत.

या इतिहासाचा आरंभ 1875 या एकाच वर्षी दोन ठिकाणी झालेला दिसतो. पॅरिसमध्ये गाब्रिएल लिपमन या तरुण शास्त्रज्ञाने केसासारख्या बारीक काचनळीत पारा घेतला आणि त्याला सौम्य गंधकाम्लाचा स्पर्श होऊ दिला. या दोहोंमध्ये विजेचा अल्पसा दाब लावताच पाऱ्याची कडा नळीत पुढे किंवा मागे सरके. विजेमुळे पाऱ्याचा पृष्ठताण बदलतो, हे त्याचे कारण. ही हालचाल इतकी नाजूक होती की, तिचा उपयोग अत्यंत सूक्ष्म विद्युद्दाब मोजण्यासाठी होऊ लागला. 1887 साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयातील विजेची स्पंदने प्रथम टिपली, ती या उपकरणाच्याच साहाय्याने. पाऱ्याच्या थरथरत्या कडेची सावली सरकत्या छायाचित्रपट्टीवर पडत गेली आणि हृदयाचा आलेख तयार झाला. विजेच्या आज्ञेत वागणाऱ्या द्रवाने माणसाला दाखविलेले हे एक पहिलेच चित्र म्हणावे लागेल.

त्याच वर्षी ग्लासगो येथे जॉन कर यांना दुसरा एक गुणधर्म आढळला. काही पारदर्शक पदार्थांना प्रबळ विद्युत्क्षेत्रात ठेवले, तर त्यांतून जाणाऱ्या ध्रुवीभूत प्रकाशाचे स्वरूप बदलते. साध्या प्रकाशातील कंपने सर्व दिशांना होत असतात. ध्रुवीभूत प्रकाशात ती एकाच प्रतलात होतात. अशा प्रकाशाच्या मार्गात दोन गाळण्या एकमेकींशी काटकोनात ठेवल्या तर पलीकडे अंधार होतो. परंतु त्यांच्यामध्ये नायट्रोबेंझीनसारखा द्रव ठेवून त्याला वीज लावली की अंधारातून प्रकाश वाट काढतो, आणि वीज काढताच तो पुन्हा नाहीसा होतो. म्हणजे हा जणू प्रकाशाचा दरवाजाच झाला! विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लाइपझिगच्या ऑगस्ट कारोलस यांनी हा दरवाजा दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या प्रयोगांत वापरला. त्यात वेग भरपूर होता. पण अडचण अशी होती की, तो उघडण्यास हजारो व्होल्टचा दाब लागे.

इतका दाब का लागावा? सामान्य द्रवातील रेणू हे जत्रेतील गर्दीसारखे असतात. ज्याचे तोंड जिकडे असेल तिकडे तो वळतो, एकमेकांना धक्के देतो, आणि उष्णतेमुळे ही धांदल क्षणभरही थांबत नाही. विद्युत्क्षेत्र प्रत्येक रेणूला एका दिशेने वळवू पाहते. परंतु या गोंधळात त्याचा आवाज फारच थोड्यांच्या कानी पोहोचतो. द्रवातील रेणूंच्या अशा वळण्याचा नेमका विचार ज्यांनी केला, त्यांत दोन भारतीय होते. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी 1927 साली कलकत्त्यात विद्युत्क्षेत्रातील व चुंबकक्षेत्रातील द्रवांच्या या वर्तनाविषयी सिद्धांत मांडला. द्रवातील प्रत्येक रेणूभोवती शेजारच्या रेणूंची जी दाटी असते तिचा परिणाम लक्षात घेतल्याखेरीज अनुभव आणि गणित यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. रामन यांच्या घराण्याचे मूळ तंजावर जिल्ह्यातील कावेरीच्या सुपीक खोऱ्यात. ज्या तंजावरावर 1855 पर्यंत मराठी राजघराणे नांदले, तोच हा प्रदेश होय. याच घराण्याच्या पुढील पिढीने हा विषय फार पुढे नेला.

दरम्यान रामन यांच्या जन्माच्याच वर्षी, म्हणजे 1888 साली, प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख राइनिट्झर यांच्या हाती एक चमत्कारिक पदार्थ लागला होता. कोलेस्टेरॉलपासून बनविलेले हे द्रव्य 145.5 अंश सेल्सिअसला वितळे, पण तो द्रव गढूळ असे, 178.5 अंशांना तो एकाएकी स्वच्छ होई. एकाच पदार्थाला दोन द्रवणांक कसे? जर्मन शास्त्रज्ञ ओटो लेमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निष्कर्ष काढला की, मधल्या अवस्थेतील हा पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. या अवस्थेला द्रवस्फटिक हे नाव मिळाले. सामान्य द्रव ही जत्रेची गर्दी असेल, तर द्रवस्फटिक ही पंढरीच्या वाटेवरील दिंडी आहे. दिंडीत प्रत्येक वारकरी आपल्या पायांनी, आपल्या गतीने चालतो. कोणी पुढे जातो, कोणी मागे राहतो. परंतु सर्वांची तोंडे एकाच दिशेला असतात. अशा समुदायाची दिशा वळवायची, तर प्रत्येकाला ओढावे लागत नाही. काही वळले की शेजारचेही वळतात. म्हणूनच जिथे साध्या द्रवाला हजारो व्होल्ट लागत, तिथे द्रवस्फटिकाला दोन-चार व्होल्ट पुरतात.

हे सामर्थ्य हाती असूनही त्याचा उपयोग व्हावयास मोठा काळ गेला. लेनिनग्राडमध्ये फ्रेडरिक्स यांनी 1927 साली, म्हणजे रामन-कृष्णन यांच्या सिद्धांताच्याच वर्षी, बाह्य क्षेत्राने द्रवस्फटिकाचा थर एका विशिष्ट मर्यादेनंतर कसा वळतो हे दाखविले. 1936 साली मार्कोनी कंपनीला द्रवस्फटिकाच्या प्रकाशदारासाठी इंग्लंडमध्ये एकस्वही मिळाले. पण बाजारात काहीच आले नाही. त्या काळी ठाऊक असलेले बहुतेक द्रवस्फटिक शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापविल्याखेरीज त्या अवस्थेत येत नसत. खिशात ठेवायचे यंत्र भट्टीसारखे तापवून कसे चालेल? त्यामुळे हा विषय काही थोड्या जिज्ञासूंचा छंद म्हणून शिल्लक राहिला.

मोठ्या पडद्यासाठी मात्र त्याच काळात दुसराच द्रव कामास लागला. झुरिकच्या फ्रित्झ फिशर यांनी 1939 साली आयडोफोर या यंत्राची कल्पना मांडली. त्यात आरशावर तेलाचा पातळ थर पसरलेला असे. इलेक्ट्रॉनांचा झोत त्यावर विद्युद्भार ठेवीत जाई, त्या भारामुळे तेलावर सूक्ष्म सुरकुत्या पडत आणि त्या सुरकुत्यांवरून वळलेला प्रखर प्रकाश चित्रपटगृहाएवढ्या पडद्यावर चित्र उमटवी. चंद्रावर माणूस उतरला त्या काळात अमेरिकेतील ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षातील भव्य पडद्यांमागे हीच यंत्रे होती. परंतु तो अवजड आणि खर्चिक कारभार होता. घरोघरी जाणारा नव्हे.

घरोघरी जाणारे साधन द्रवस्फटिकांतूनच निघाले. अमेरिकेतील आर.सी.ए. कंपनीच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत रिचर्ड विल्यम्स यांनी 1962 साली विजेमुळे द्रवस्फटिकांत उमटणाऱ्या आकृती पाहिल्या, आणि 1968 साली जॉर्ज हायलमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिले द्रवस्फटिकी फलक जगापुढे ठेवले. खरी युक्ती सापडली ती स्वित्झर्लंडमध्ये. 4 डिसेंबर 1970 रोजी बाझेल येथील शाट आणि हेल्फ्रिख यांनी आपल्या शोधाच्या एकस्वासाठी अर्ज केला. दोन काचांच्या मध्ये केसाहूनही पातळ असा द्रवस्फटिकाचा थर ठेवावा. एका काचेला लागून असलेले रेणू एका दिशेला, तर दुसरीजवळचे तिच्याशी काटकोनात राहतील अशी व्यवस्था करावी. मधले रेणू मग गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे क्रमाक्रमाने वळत जातात, आणि त्यांच्याबरोबर प्रकाशाचे प्रतलही वळते व दुसऱ्या गाळणीतून सुखाने पार होते. वीज लावताच हे रेणू ताठ उभे राहतात, जिना मोडतो आणि तेवढा भाग काळा दिसतो. अशा काळ्या-पांढऱ्या तुकड्यांतून आकडे बनतात. या फलकाला स्वतः प्रकाश द्यावा लागत नाही, म्हणून वीज अत्यल्प लागते. 1973 साली इंग्लंडमधील हल येथे जॉर्ज ग्रे यांनी साध्या खोलीच्या तापमानाला टिकणारी द्रवस्फटिकी द्रव्ये घडविली आणि शेवटची अडचण दूर झाली. त्याच वर्षी जपानमध्ये असे फलक असलेली घड्याळे व हिशेबयंत्रे विक्रीस आली.

शाट व हेल्फ्रिख यांच्या अर्जाच्या तेरा दिवस आधी, 21 नोव्हेंबर 1970 रोजी, बंगळूरला रामन यांचे निधन झाले होते. त्यांनी उभारलेल्या रामन संशोधन संस्थेत 1971 साली द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख होते शिवरामकृष्ण चंद्रशेखर, रामन यांच्या बहिणीचे पुत्र. 1930 साली कलकत्त्यात जन्मलेल्या चंद्रशेखरांनी पदार्थविज्ञानातील एम.एस्सी. ही पदवी 1951 साली नागपूर विद्यापीठातून पहिल्या क्रमांकाने मिळविली. आणि रामन यांच्या हाताखाली केलेल्या संशोधनाबद्दल डी.एस्सी. ही पदवीही त्यांना याच विद्यापीठाने दिली. त्या संशोधनाचा विषय होता स्फटिकांतून जाताना प्रकाशाचे प्रतल कसे वळते हा; म्हणजे ज्या वळणावर पुढे सारे फलक उभे राहिले, नेमके तेच. पुढे केंब्रिज व लंडन येथे काम करून ते परतले आणि 1961 साली म्हैसूर विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागाचे पहिले प्रमुख झाले. द्रवस्फटिकांकडे ते तेथेच वळले.

बंगळूरच्या प्रयोगशाळेने 1977 साली जगाला एक नवीच गोष्ट दिली. द्रवस्फटिक बनण्यासाठी रेणू काडीसारखा लांबट असला पाहिजे, अशी तोपर्यंत सर्वांची समजूत होती. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी तबकडीसारखे चपटे रेणू घडविले आणि तेही द्रवस्फटिक होतात हे सिद्ध केले. नाण्यांच्या चळती रचाव्यात तसे हे रेणू एकमेकांवर बसतात, आणि अशा असंख्य चळती शेजारी शेजारी उभ्या राहतात. हा शोध त्यांनी 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकातच प्रसिद्ध केला. आपले काम परदेशी पत्रिकेत छापून आल्याखेरीज त्याला मोल येत नाही, असे मानणाऱ्यांना हे उत्तरच होते. त्याच वर्षी निघालेला चंद्रशेखरांचा द्रवस्फटिकांवरील ग्रंथ जगभरच्या विद्यार्थ्यांचा आधार ठरला.

या शोधाचे पुढे काय झाले, हे मननीय आहे. गोल जिन्याच्या तत्त्वावरील पडद्यांचा एक दोष असा की, समोरून पाहिले तर चित्र स्पष्ट दिसे. बाजूने पाहिले की फिके किंवा उलटे होई. काडीसारख्या रेणूंमुळे तिरप्या प्रकाशात येणारी ही विकृती नाहीशी करण्यास, प्रकाशाशी नेमके उलट वागणारे रेणू हवे होते. तबकडीसारख्या रेणूंत तोच गुण होता. 1990 नंतरच्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने अशा रेणूंचा पातळ पापुद्रा बनविला आणि तो संगणकांच्या असंख्य पडद्यांवर बसला. शोध बंगळूरचा, पण कारखाना जपानचा! 1991 साली चंद्रशेखरांनी भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी उद्योगाने दिलेल्या वास्तूत द्रवस्फटिक संशोधनाचे स्वतंत्र केंद्र उभारले, ते प्रयोगशाळा आणि कारखाना यांमधील हे अंतर कमी व्हावे म्हणूनच. ते केंद्र नव्या नावाने आजही काम करते. पडदे मात्र आजही मुख्यतः पूर्व आशियातील कारखान्यांतच तयार होतात. ज्ञान मिळविणे आणि त्या ज्ञानाचे पीक काढणे या दोन वेगळ्या मेहनती आहेत. पहिलीत आपण कोणाच्या मागे नव्हतो; दुसरीसाठी रसायनशाळा, भांडवल आणि धीर यांची जी एकत्र जोड लागते, ती वेळेवर बसली नाही.

चंद्रशेखरांचे धाकटे बंधू पंचरत्नम यांची कथाही याच सूत्रातील आहे. ध्रुवीभूत प्रकाश एका अवस्थेतून दुसरीत फिरवून पुन्हा मूळ अवस्थेत आणला, तर त्याच्या कंपनांत एक सूक्ष्म फरक उरतो, हे त्यांनी 1956 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी बंगळूरला दाखविले. 1969 साली ऑक्सफर्ड येथे त्यांचे अकाली निधन झाले, तेव्हा या कार्याचे महत्त्व फारच थोड्यांना उमगले होते. आज द्रवस्फटिकांची जी कागदासारखी सपाट भिंगे बनतात, ती याच फरकावर काम करतात आणि पंचरत्नम यांच्या नावानेच ओळखली जातात.

लिपमन यांचा पाराही विस्मृतीतून परतला आहे. 1993 साली फ्रान्समधील ब्रूनो बेर्ज यांनी द्रव आणि विद्युद्वाहक यांच्यामध्ये निरोधक पापुद्रा ठेवून ते जुने तत्त्व पाण्याला लागू केले. त्यातून तेल आणि पाणी यांचे असे भिंग निघाले की, विजेचा दाब बदलताच त्याचा बाक बदलतो. माणसाच्या डोळ्याप्रमाणे ते जागच्या जागी दूरचे व जवळचे पाहते. विजेने सरकणाऱ्या रंगीत तेलाचे पडदेही 2003 साली हॉलंडमध्ये करून दाखविण्यात आले.

पाऱ्याची कडा सरकताना पाहणाऱ्या लिपमनला पडदा दिसत नव्हता. गढूळ द्रवाने गोंधळलेल्या राइनिट्झरला घड्याळ दिसत नव्हते. आणि नाण्यांच्या चळतींसारखे रेणू रचणाऱ्या बंगळूरच्या शास्त्रज्ञांपुढे जपानी कारखाना नव्हता. प्रत्येकाला एका द्रवाचे वागणे समजून घ्यायचे होते, एवढेच. निरुपयोगी वाटणाऱ्या जिज्ञासेला जो समाज जपतो, त्याच्या पदरात उपयोग केव्हातरी पडतो. पण तो उचलून घेण्यासाठी हातही तयार असावा लागतो. नागपूरच्या विद्यापीठातून पहिला क्रमांक मिळवून निघालेल्या त्या विद्यार्थ्याच्या चरित्रात या सत्याच्या दोन्ही बाजू आपल्याला वाचता येतात.