सर्पगंधेपासून क्लोझापिनपर्यंत : एका लांबलेल्या हिशेबाची हकीकत

१९५७ सालच्या अमेरिकेतील लास्कर पुरस्कारांच्या यादीत मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांचे नाव आहे. त्याच यादीत आँरी लाबोरी आणि पिएर डेनिकर हे दोन फ्रेंच डॉक्टर आहेत आणि न्यू यॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयातले नेथन क्लाइन आहेत. तिघांचा संबंध वेडावरच्या औषधांशी. वकिलांचा सन्मान मात्र रक्तदाबावरच्या कामासाठी होता. हृदयाचा डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर एकाच पंगतीला कसे बसले, हे समजून घ्यायचे तर एका मुळीकडे वळावे लागते.

सर्पगंधेची मुळी बिहारमध्ये ‘पागल की दवा’ या नावानेच विकली जात असे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी तिच्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. तिने रोग्याचा क्षोभ शमतो आणि रक्तदाबही उतरतो, अशी दोन्ही निरीक्षणे त्यात होती. एकाच औषधाचा शरीरावर आणि मनावर होणारा परिणाम त्यांनी शेजारी शेजारी मांडला. पुढच्या काळात हे शेजारपण मोडले आणि ते पुन्हा जुळायला फार वर्षे गेली, असे मला वाटते.

वकिलांनी के.ई.एम.मध्ये काम करताना सर्पगंधेचा रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरचा अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला आणि मुळीची कीर्ती युरोपात पोहोचली. १९५२ साली बाझलच्या सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. १९५४ मध्ये क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले आणि अनुकूल अहवाल दिला. त्यानंतर दोन-चार वर्षे रेसर्पिनची चलती होती. मग तक्रारी सुरू झाल्या : रक्तदाब फार उतरतो, हातपाय कंपवातासारखे ताठरतात, काही रोग्यांना खोल उदासीनता येते. मनोविकारांवरचे औषध म्हणून ते हळूहळू मागे पडले. विज्ञानाला मात्र त्याचा वेगळाच उपयोग झाला. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन देऊन निपचित पाडलेले ससे एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. मेंदूतल्या डोपामिनचे महत्त्व त्यातून उघड झाले. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

रेसर्पिनला बाजूला सारणारे औषध फ्रान्समधून आले. क्लोरप्रोमाझिन १९५० च्या डिसेंबरात रोन-पूलेंक कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. लाबोरी हे नौदलातले शल्यचिकित्सक. शस्त्रक्रियेआधी हे औषध दिलेला रोगी शुद्धीवर असतो, पण आजूबाजूच्या गोष्टींशी त्याला जणू देणेघेणे उरत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात झाँ दले आणि डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना पद्धतशीरपणे दिले.

त्या वेळी स्किझोफ्रेनियाच्या रोग्यासाठी डॉक्टरांच्या हाती काय होते, ते विसरून चालणार नाही. इन्सुलिन देऊन आणलेली बेशुद्धी, विजेचे झटके, आणि मेंदूचा पुढचा भाग छेदणारी शस्त्रक्रिया, जिच्या जनकाला १९४९ साली नोबेल मिळाले होते. नाहीतर साखळी, कोंडी आणि जन्मभराचा वॉर्ड. अशा जगात काही आठवड्यांत आवाज थांबवणारी, संशय ओसरवणारी, माणसाला पुन्हा जेवायला-बोलायला लावणारी गोळी आली. अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ साली साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. १९८० पर्यंत ती दीड लाखाच्या आत आली. सगळे श्रेय गोळीचे नाही. पैशाची गणिते, नवे कायदे, बदललेली हवा यांचाही त्यात हात होता. पण गोळीवाचून हे घडले असते, असे म्हणणाराही मला भेटलेला नाही.

इथे एक विचित्र वळण येते. क्लोरप्रोमाझिननेही हातपाय ताठरत, चेहरा कोरा होई, चाल तुरुतुरु होई. दले आणि डेनिकर यांनी १९५५ मध्ये या औषधांना ‘न्यूरोलेप्टिक’ म्हणजे मज्जातंतूंना पकडणारी असे नाव सुचवले. ही पकड त्यांच्या मते औषधाच्या गुणाचाच भाग होती. जर्मनीत हान्स-योआखिम हासे यांनी तर रोग्याचे हस्ताक्षर तपासायची पद्धत काढली : अक्षर किंचित आखडले, बारीक झाले, की मात्रा बरोबर बसली. थोडक्यात, अपाय हीच उपायाची खूण ठरली. खर्चाच्या रकान्यातली रक्कम जमेत धरल्यावर हिशेब कसा लागणार?

त्यामुळेच पुढची गोष्ट इतक्या उशिरा दिसली. १९५७ मध्ये जर्मनीतून पहिला अहवाल आला की काही रोग्यांचे ओठ आणि जीभ सतत हलत राहतात, चघळल्यासारखे, आणि थांबवू म्हटले तरी थांबत नाहीत. १९६४ मध्ये डेन्मार्कच्या फॉरबी यांनी त्याला ‘टार्डिव्ह डिस्कायनेशिया’ म्हटले. टार्डिव्ह म्हणजे उशिराने येणारा. जुन्या औषधांवर असलेल्या प्रौढ रोग्यांत दरवर्षी शंभरातले साधारण पाच या विकाराच्या फेऱ्यात येतात आणि वयस्करांत हे प्रमाण बरेच जास्त असते. औषध वाढवले की हालचाल काही काळ झाकली जाते, कमी केले की उघडी पडते. साहजिकच गोळी कमी करणारा डॉक्टर दोषी वाटे आणि वाढवणारा गुणी. या विकारावर खास मंजूर झालेले पहिले औषध अमेरिकेत २०१७ साली आले. गंमत अशी की ते मेंदूतल्या ज्या प्रथिनावर काम करते, त्याच जातीच्या प्रथिनावर सर्पगंधेतले रेसर्पिनही काम करत असे.

पण ही ओठांची हालचाल सगळी गोळीचीच का? क्रेपेलिन यांच्यासारख्या जुन्या मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्यांच्या कितीतरी आधी अशा हालचालींचे वर्णन करून ठेवले होते. प्रश्न सोडवायचा तर वर्षानुवर्षे आजारी असलेला, तरीही एकही गोळी न घेतलेला रोगी हवा. पाश्चात्त्य देशांत तो मिळेना. मद्रासमध्ये मिळाला. १९९६ साली मॅक्रेडी, थारा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या तीनशेवर वयस्क माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. निरोगी माणसांत असल्या हालचाली १५ टक्के होत्या, औषध घेणाऱ्या रोग्यांत ४१ टक्के, आणि कधीच औषध न घेतलेल्यांत ३८ टक्के. म्हणजे गोळीच्या माथी मारलेल्या दोषाचा एक मोठा वाटा मुळात आजाराचाच असावा. कधीच औषध न मिळालेली ती माणसे होती अवघी एकवीस, त्यामुळे निष्कर्ष जपूनच काढायला हवा. आणखी एक गोष्ट मनात राहते : जगाला हवा असलेला हा पुरावा आपण देऊ शकलो, कारण आपल्याकडे माणसे उपचाराविना म्हातारी झाली होती.

क्लोझापिनची कहाणी या सगळ्याहून नाट्यमय आहे. स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेल्या या औषधाने हातपाय ताठरत नसत. पकड नाही म्हणजे गुण नाही, असे मानणाऱ्यांचा त्यावर विश्वासच बसेना. मग १९७५ साली फिनलंडमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा होऊन क्लोझापिन घेणारे आठ रोगी दगावले. बऱ्याच देशांतून औषध मागे घेतले गेले. त्याला परत आणले १९८८ च्या एका चाचणीने. इतर औषधांना दाद न दिलेल्या २६८ रोग्यांत क्लोझापिनने ३० टक्क्यांना सुधारणा झाली, क्लोरप्रोमाझिनने फक्त ४ टक्क्यांना. पुढल्याच वर्षी अमेरिकेने परवानगी दिली, पण नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. आत्महत्येचा धोका कमी करण्यातही ते इतरांहून सरस असल्याचे पुढे दिसले. इतक्या धोकादायक औषधाला इतका कडक पहारा बसवून ते वापरात ठेवता आले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात शहाणा निर्णय हाच. हा पहारा बाकीच्या गोळ्यांना कोणी लावला नाही.

त्या बाकीच्या गोळ्या १९९० नंतर आल्या : रिस्पेरिडोन, ओलान्झापिन आणि त्यांची भावंडे. ताठरणे कमी, म्हणून त्यांचा मोठा गाजावाजा झाला. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, फक्त कृतीवर पेटंट मिळत असे. त्यामुळे देशी कंपन्यांनी ही औषधे लवकर आणि स्वस्तात बाजारात आणली. सामान्य घरातल्या रोग्याला परवडेल अशी गोळी मिळाली, हा लाभ लहान नाही. हानी मात्र या वेळी पोटावर दिसू लागली. वजन वाढते, साखर वाढते, रक्तातली चरबी वाढते. ओलान्झापिन आणि क्लोझापिन यात सर्वांत पुढे. ओलान्झापिनच्या बेकायदा जाहिरातीबद्दल एली लिली कंपनीला अमेरिकेत २००९ साली १४१ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. त्याआधी, २००५ साली, जवळजवळ दीड हजार रोग्यांवरच्या सरकारी खर्चाच्या चाचणीत दिसले होते की अठरा महिन्यांच्या आत चारांपैकी तिघांनी दिलेले औषध सोडले, आणि पर्फेनाझिन हे जुने स्वस्त औषध बहुतेक नव्यांच्या बरोबरीने टिकले.

भारतीय रोग्याच्या बाबतीत इथे एक जादा कलम जोडावे लागते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने आपल्या शरीराची एक खोड जगापुढे आणली : दिसायला बारीक, पण आत, पोटाशी, चरबी जास्त. असे शरीर कमी वजनातच मधुमेहाकडे झुकते. अशा माणसाला भूक वाढवणारी गोळी पंधरा-वीस वर्षे द्यायची, तर काटा आणि मोजपट्टी गोळीइतकीच आवश्यक. घरचे मात्र खूश असतात. उपाशी, रात्र रात्र जागणारा मुलगा आता जेवतो, झोपतो, अंग धरतो. ‘तब्येत सुधारली’ हे शब्द आपल्याकडे वजनाबद्दलच तर वापरले जातात.

स्किझोफ्रेनियाचे रोगी इतरांपेक्षा पंधरा ते वीस वर्षे आधी जातात आणि त्यातले पुष्कळसे हृदयविकाराने, हे आता सर्वमान्य आहे. यावरून गोळीच त्यांना मारते असा तर्क सोपा वाटतो. फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींनी तो खोडून काढला. बासष्ट हजारांवर रोग्यांचा वीस वर्षांपर्यंत माग काढून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण असे निघाले : औषध न घेणाऱ्यांत ४६ टक्के, कोणतेही औषध घेणाऱ्यांत सुमारे २६, क्लोझापिन घेणाऱ्यांत सुमारे १६. सर्वाधिक वजन वाढवणाऱ्या औषधांपैकी एक, आणि त्यावरचे रोगीच जास्त जगले! यावर आक्षेप आहेतच. गोळी नियमित घेणारा माणस मुळातच सावरलेला असतो, त्याच्यामागे घर असते, क्लोझापिनवाल्याला तर रक्तासाठी सतत दवाखान्यात जावे लागते, म्हणजे कोणीतरी त्याच्याकडे पाहत असते. या आक्षेपांत तथ्य आहे. पण हे सगळे वजा केले तरी ‘गोळी आयुष्य कापते’ हे विधान त्या आकड्यांवर उभे राहत नाही.

मग ती जन्मभर घ्यायची का, आणि किती? इथे हिशेब अजून मिटलेला नाही. औषध बंद केलेल्यांपैकी वर्षभरात ६४ टक्क्यांचा आजार उलटतो, चालू ठेवलेल्यांत २७ टक्क्यांचा, असे २०१२ साली पासष्ट चाचण्या एकत्र करून काढलेले गणित सांगते. त्यानंतर वर्षभराने नेदरलँड्समधल्या वुंडरिंक यांनी वेगळेच चित्र मांडले. पहिल्याच झटक्यातून सावरलेल्या आणि सुरुवातीला औषध कमी करू दिलेल्या रोग्यांपैकी सात वर्षांनी ४० टक्के कामाधंद्यासह बरे होते. ठरल्या मात्रेत ठेवलेल्यांपैकी १८ टक्केही नव्हते. रोगी होते १०३. मग इंग्लंडमध्ये २५३ जणांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला गेला. त्याचा २०२३ सालचा निकाल निराश करणारा होता : दोन वर्षांत औषध कमी केलेल्यांचे सामाजिक जीवन सुधारले नाही आणि गंभीर झटके जवळजवळ दुप्पट आले. डच अभ्यासाचा फायदा मात्र दोन वर्षांनी नव्हे, सात वर्षांनी दिसला होता. दोन्ही बाजू आपापल्या घड्याळाकडे बोट दाखवतात. एकदम आणि परस्पर गोळी सोडणे धोक्याचे, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचे दुमत नाही. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि महिन्या-महिन्यांच्या पायऱ्यांनी.

आपल्याकडे हे घड्याळ लावायलाच जागा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात अशा गंभीर आजाराच्या सुमारे तीन-चतुर्थांश रोग्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. ज्यांच्यापर्यंत पोहोचतात, त्यांचा इतिहास केसपेपरावर असतो. तो कागद डॉक्टर बदलला की बदलतो, गाव बदलले की हरवतो. फिनलंडसारखी सलग राष्ट्रीय नोंद आपल्याकडे नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या चारही मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात दर महिन्याला गोळ्यांच्या पुड्या घेऊन जाणारे आईबाप, भाऊ, बायका आहेत. त्यांतल्या पुष्कळांना गोळी सुरू केल्याची साधारण तारीख विचारली तर पाठ असते, कारण त्या दिवसापासून घरात झोप आली. त्या दिवशी रोग्याचे वजन किती होते, कमरेचा घेर किती, उपाशीपोटी साखर किती, हे सांगता येईल असे घर क्वचित. कारण त्या दिवशी ते कोणी मोजलेलेच नसते.